देवकाचा कोरा रकाना

१

सोयरीक मोडली शनिवारी. मंगळवारी सकाळी तुंगाबाईंनी फाइल उघडली, तर शिवानीचा फॉर्मच जाग्यावर नव्हता.

फाइल चामराजपेटेतल्या मराठा वधू-वर मंडळाची, नंबर तीनशे सत्त्याऐंशी. पत्रिका होती, शाळेचा दाखला होता, पिवळ्या साडीतला फोटो होता. बापानं स्वतःच्या हातानं भरून सही केलेला पहिला कागद तेवढा कुणीतरी काढून नेला होता. नेणारा घाईत नसावा, कारण फाइलीची नाडी त्यानं पुन्हा नीट बांधून ठेवली होती.

तुंगाबाईंच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नसत. सरकारी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांनी व्हेरिफायर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली होती. तिथं एक बाई कागदावरचा मजकूर कार्डांवर टोचायची. मग तोच कागद घेऊन दुसरी बाई, पहिलीचं काम न बघता, सगळं पुन्हा टाइप करायची. दोघींचं जुळलं नाही की यंत्र जागच्या जागी अडायचं. ही दुसरी बाई म्हणजे तुंगाबाई. दुसऱ्याची चूक काढायचा पगार घेणारी म्हणून कारखान्यात त्यांना सगळे सासूबाई म्हणत, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. निवृत्त झाल्यावर बाई मंडळात फुकट राबायला आल्या, तेव्हा सगळ्यांनी आधी आपापली टेबलं आवरली.

आणि ती पहिली बाई, जिचं काम त्या वीस वर्षं तपासत आल्या, ती नीला. शिवानीची आई. चार वर्षांपूर्वी नीला गेली तेव्हा तुंगाबाई तिच्या उशाशी होत्या.

आदल्या संध्याकाळी शिवानी त्यांच्या घरी आली होती. तेवीस वर्षांची पोर, येलहंक्याच्या शाळेत शिकवणारी. यशोवर्धनशी तिचं जवळजवळ ठरलं होतं. तो अंबुबाईंचा मुलगा. अंबुबाई म्हणजे मंडळाच्या दिवंगत संस्थापकांची पत्नी. मुलं चार वेळा भेटली होती आणि एकमेकांना आवडली होती. साखरपुड्याची तारीख काढण्याआधी अंबुबाईंनी रीतीप्रमाणे मंडळाकडून चिठ्ठी मागवली. मंडळात नुकताच कॉम्प्युटर आला होता, चिठ्ठी त्याच्यातूनच निघाली. तिच्यावर शिवानीचं देवक कळंब असं छापलं होतं. अंबुबाईंच्या घराण्याचंही कळंबच. एका देवकाची माणसं म्हणजे भावंडं, त्यांचं लग्न लागत नाही. विषय तिथंच संपला.

“तुंगाक्का, आमचं देवक कळंब, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं,” शिवानी म्हणाली. “अण्णांना विचारते तर ते बोलत नाहीत. शनिवारपासून नीट जेवलेही नाहीत. अंबुबाई शुक्रवारी तुमकूरच्या मुलीला होकार कळवणार आहेत. त्याच्या आत कुणीतरी खरं काय ते बघेल का?”

एवढं बोलताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. तुंगाबाईंना त्याचंच वाईट वाटलं. शुक्रवारच्या आत बघते, असा शब्द त्यांनी दिला.

२

कपाटाची किल्ली हेमावतीकडे असे. फॉर्म घेणं, तपासणं, टाइप करणं, सगळं तीच करी. संशयाला जागाही चांगली ऐसपैस होती. गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण रक्षिता याच यशोवर्धनला दाखवली होती आणि अंबुबाईंनी नाही म्हणून कळवलं होतं. घरात महिनाभर रडारड चालली होती, हे साऱ्या पेटेला ठाऊक.

तुंगाबाईंनी आडून विचारलं, पण हेमावती सरळ अंगावरच आली. बहिणीला नको म्हणाले म्हणून मी दुसऱ्या पोरीचं वाटोळं करीन, एवढी का मी हलकी आहे, असं विचारून ती खिडकीकडे तोंड करून बसली. जरा वेळानं डोळे पुसून तिनं आल्यागेल्याची वही पुढं ढकलली. सोमवारी कपाटातून एकच फाइल निघाली होती. समोर नोंद होती, ‘मुलीचा फोटो परत नेला’, आणि खाली सही, येसाजी.

येसाजी म्हणजे शिवानीचे वडील. बोलणी फिसकटली की फोटो परत न्यायचा, ही मंडळाची जुनी रीत. त्यात वावगं काही नव्हतं. पण फोटो तर फाइलीतच होता.

तुंगाबाईंनी हेमावतीला एवढंच विचारलं, की फॉर्म घेतेवेळी त्यात काही कमीजास्त होतं का. हेमावती आधी नाही म्हणाली. मग स्वल्प थांबून, मला आता आठवत नाही, असं म्हणाली. या दोन उत्तरांमधला फरक तुंगाबाईंनी मनात टिपून ठेवला.

मग त्यांनी माळ्यावरची जुनी रजिस्टरं खाली काढली. येसाजी आणि नीला यांचं लग्नही याच मंडळानं जमवलेलं, सन बहात्तरमध्ये. धुळीनं शिंकत शिंकत त्यांनी पान शोधलं. निळ्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं: येसाजी, येलहंका रेल्वे पार्सल ऑफिस, देवक पंचपल्लव.

देवक बापाकडून लेकरांकडे येतं. बाप पंचपल्लव तर मुलगी कळंब होईलच कशी? चिठ्ठी चुकलेली होती, आणि हे सांगायला रजिस्टर कशाला हवं होतं? येसाजींनी एक वाक्य बोलायचं होतं. पोरीचं लग्न डोळ्यांदेखत मोडत असताना तो माणूस गप्प बसला, आणि दोन दिवसांनी फोटोचं नाव सांगून फॉर्म घेऊन गेला.

३

संध्याकाळी अभिमन्यू आला. पुण्याचा पोरगा, व्हाइटफील्डच्या नव्या आयटी पार्कात नोकरी. सव्वा तास बसमध्ये उभं राहून यायचा आणि मंडळाचं काम विनामोबदला करायचा. त्याचं स्वतःचं नाव मंडळात नोंदलेलं नव्हतं, म्हणून तर त्याच्यावर सगळ्यांचा जास्तच डोळा होता.

मंडळाच्या आतल्या खोलीत त्यानं दोन जुने कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडले होते. माहिती साठवायची दोन सॉफ्टवेअरं त्याला एका मासिकाच्या सीडीवर मिळाली होती, दोन्ही फुकट आणि आतल्या सोर्ससकट. डाव्या यंत्रावर मायएसक्यूएल, उजव्यावर पोस्टग्रेस. तेच फॉर्म दोन्हींत भरायचे, तीन महिने दोन्ही चालवायची, आणि मग तुलना करून एकच ठेवायचं. तीन महिन्यांची अट तुंगाबाईंची होती. सासूबाईंना कॉम्प्युटरलाही सूनच करायचंय, असं तेव्हा कमिटीत कुणीतरी म्हणालं होतं.

अभिमन्यूचा अहवाल लिहून होत आला होता. डाव्याची तारीफ करताना तो थकत नव्हता. सुपरफास्ट, काहीही द्या, झटक्यात आत घेतं, चिठ्ठ्याही त्यावरूनच छापतो. उजवं जरा संथ आणि प्रत्येक गोष्टीला कुरकुर करणारं.

“एक रेकॉर्ड तर त्यानं घेतलंच नाही, काकू,” तो हसत म्हणाला. “डावीकडे चारशे बारा आहेत, उजवीकडे चारशे अकरा. एवढा स्ट्रिक्टपणा आपल्याला काय करायचाय?”

“कोणतं नाही घेतलं?”

“ते नाही बघितलं मी.”

तुंगाबाईंनी चष्मा काढला. दोन यंत्रं, एकच मजकूर, आणि मोजणीत एकाचा फरक. त्यांच्या विभागात हे घडलं असतं तर कुणी जेवायला उठलं नसतं.

“बघ,” त्या म्हणाल्या.

उजव्या यंत्रानं जे जे नाकारलं त्याची टिपणं एका फाइलीत साठत होती. अभिमन्यूनं ती उघडली आणि त्याचं हसू गेलं. नाकारलेलं रेकॉर्ड तीनशे सत्त्याऐंशी होतं. कारण तिथंच लिहिलं होतं: देवकाचा रकाना रिकामा आहे, तो रिकामा चालत नाही.

४

अभिमन्यूनं हेमावतीनं टाइप केलेली मूळ फाइल काढली. हेमावती एकदाच टाइप करी, आणि त्यावरून त्याचा प्रोग्रॅम दोन्ही यंत्रांत मजकूर ओतत असे. तीनशे सत्त्याऐंशीच्या ओळीत नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण सगळं होतं. देवकाच्या जागी काहीच नव्हतं.

म्हणजे हेमावतीनं कळंब टाइप केलं नव्हतं. तिनं काहीच टाइप केलं नव्हतं, कारण फॉर्मवर काहीच नव्हतं. बोलावून विचारल्यावर तिनं कबूल केलं. कोरा रकाना असलेला फॉर्म घ्यायचा नाही असा नियम, पण येसाजी म्हाताऱ्या माणसासारखे हात जोडून म्हणाले होते की थोडं विचारून सांगतो, आणि तिला नाही म्हणवलं नाही. ते पुन्हा आलेच नाहीत.

“मग डाव्यात कळंब आलं कुठून?” तुंगाबाईंनी विचारलं.

अभिमन्यू मान खाली घालून पुस्तिका चाळत होता. त्याला वीस मिनिटं लागली. रकाना कोरा असला की त्याचा प्रोग्रॅम त्या रकान्याचं नावच घेत नसे. उजवं यंत्र अशा वेळी अडून बसे. डाव्याची रीत वेगळी होती. रकाना रिकामा चालणार नाही असं त्याला सांगून ठेवलेलं, आणि भरायला तर काही दिलेलं नाही. मग ते ठरलेल्या यादीतलं पहिलं नाव घालून मुकाट्यानं पुढं जाई. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं होतं. अभिमन्यूनंच ते पान वाचलं नव्हतं.

यादी भिंतीवर टांगलेली होती. देवकांची ही यादी संस्थापकांनी स्वतः केली होती, आणि मोठ्या माणसाच्या स्वभावाला धरून आपल्या घराण्याचं देवक सगळ्यांच्या वर घातलं होतं. कळंब. अंबुबाईंचं घराणं तेच. कुठल्याही मुलीचा रकाना कोरा राहिला असता, तरी तिचं यशोवर्धनशी जमलं नसतं.

“माझ्यामुळे मोडलं तिचं लग्न,” अभिमन्यू म्हणाला. “आत्ता नवी चिठ्ठी छापतो. मी स्वतः जाऊन अंबुबाईंचे पाय धरतो.”

“छाप की. देवक काय छापणार?”

तुंगाबाईंना त्याची दया आली, पण त्यांचं मन पुढं गेलं होतं. कळंब कुठून आलं ते कळलं होतं. चोरी कुणी केली तेही कळलं होतं. ज्याला स्वतःचं देवक पाठ होतं, त्या माणसानं पोरीच्या फॉर्मवर ते का लिहिलं नाही, एवढंच उरलं होतं. आणि त्याचं जे उत्तर त्यांच्या मनात येऊ लागलं होतं ते त्यांना नको होतं. शहात्तर साली नीला बाळंतपणाला म्हणून सात महिने म्हैसूरला गेली होती. तोवर तिचं पोट एकदाही दिसलं नव्हतं.

५

गुरुवारी दुपारी त्या येलहंक्याला गेल्या. शिवानी शाळेत होती. येसाजी ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली. तुंगाबाईंना बघून ते उठले, या म्हणाले, आणि न विचारताच आत जाऊन तो फॉर्म घेऊन आले. घडी घालून त्यांनी तो देवाच्या फोटोमागं ठेवला होता.

कागदावर सगळे रकाने रेल्वेच्या बाबूच्या सुवाच्य अक्षरात भरलेले. देवकाच्या जागी पेन टेकल्याचा एक निळा ठिपका, बस्स.

“आमची नाही ती, तुंगाक्का,” ते म्हणाले. “म्हैसूरच्या आश्रमातून आणली. वीस दिवसांची होती. जन्माची वेळ तेवढी तिथल्या कागदावर होती, आईबाप कोण ते नव्हतं. नीलानं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. तुम्हालाही नाही.”

वीस वर्षं तुंगाबाईंनी नीलाचं प्रत्येक कार्ड तपासलं होतं, तिचा एक चुकलेला आकडा कधी सुटू दिला नव्हता. तीच नीला डब्यातली भाजी वाटून खाता खाता एवढं ओझं एकटीनं घेऊन जगली आणि तसंच घेऊन गेली. त्यांना मैत्रिणीचा राग आला, आणि लगेच तिची आठवणही आली.

मग त्यांनी विचारलं, पंचपल्लव का लिहिलं नाहीत? कोण विचारायला येणार होतं?

देवक म्हणजे देव आहे, येसाजी म्हणाले. मांडवात त्याची पूजा होते, त्याच्यापुढं खोटं लिहिलं तर ते पोरीच्या संसाराला लागेल. खरं लिहावं तर शपथ मोडते. पेन टेकलं, आणि तिथंच राहिलं.

“पण कळंब छापून आलं, तेव्हा तरी बोलायचं होतं, येसाजीराव.”

“काय बोलू? मी कोरं सोडलं होतं आणि कॉम्प्युटरनं भरलं.” त्यांचे डोळे भरून आले. “आमच्या रेल्वेत रिझर्वेशनचा कॉम्प्युटर आला, तेव्हापासून बघतोय मी. कोण माणूस कुठल्या डब्यात कुठं बसलाय, मद्रासचा असो दिल्लीचा असो, त्याला ठाऊक असतं. मला वाटलं, याला कळलं. तेवीस वर्षं जे कुणाला कळलं नाही ते याला कळलं, ही कुणाची मुलगी आहे ते. कळंबवाल्यांची आहे म्हणून ती कळंबवाल्यांत द्यायची नाही. देवानंच अडवलं, असं वाटलं मला.”

तुंगाबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. यंत्राला काही ठाऊक नव्हतं. रिकामी जागा दिसली, यादीतलं पहिलं नाव उचललं आणि घातलं. त्या जागी कुणाचीही मुलगी असती तरी तेच आलं असतं.

येसाजी ऐकत राहिले. सुटका झाल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पाच दिवस त्यांना वाटत होतं, की आपल्या लेकीचं कूळ निदान कुठंतरी लिहिलेलं आहे. तेही आता राहिलं नाही.

“म्हणजे हिचं लग्न मीच मोडलं,” ते म्हणाले. “तिला मीच सांगतो. तुम्ही स्वल्प बसा.”

६

साडेचारला शिवानी वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. तुंगाबाईंना बघून तिच्या चेहऱ्यावर आशा उमटली, आणि ती बघवेना म्हणून तुंगाबाईंनी मान वळवली.

येसाजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आश्रम, वीस दिवस, नीलाची शपथ, कोरा रकाना, कॉम्प्युटर. काही लपवलं नाही आणि कुणाला दोष दिला नाही. शिवानी वह्या छातीशी धरून ऐकत होती. मग तिनं त्या खाली ठेवल्या आणि फॉर्म हातात घेतला. निळ्या ठिपक्यावर तिचं बोट थांबलं.

“नावाच्या रकान्यात तुम्ही माझ्यापुढं तुमचं नाव लिहिलंत,” ती म्हणाली. “घराण्यातही तुमचं घराणं लिहिलंत. मग इथं आल्यावरच मी तुमची नाही, असं आठवलं का, अण्णा?”

येसाजींनी खुर्चीची पाठ धरली.

“आई असती तर तिनं लिहिलं असतं?”

तुंगाबाईंना उत्तर ठाऊक होतं. नीलानं क्षणाचाही विचार केला नसता. पंचपल्लव लिहून खाली रेघ मारली असती. पण प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता. येसाजींनी आता नाही म्हणावं, एवढं एक खोटं बोलावं, अशी त्यांनी मनोमन देवाची करुणा भाकली.

“हो,” येसाजी म्हणाले. “तिनं लिहिलं असतं.”

शिवानीनं हळूच मान डोलावली.

तुंगाबाई उठल्या. अजून शुक्रवार उजाडायचा आहे, त्या म्हणाल्या. अभिमन्यू चूक कबूल करायला तयार आहे. आपण पंचपल्लव लिहू, मी आत्ताच अंबुबाईंकडे जाते, आणि हे आपल्या तिघांच्या बाहेर कधी जाणार नाही. त्यांनी पर्समधून पेनही काढलं. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईनं एक खोटा आकडा पुढं जाऊ दिला नव्हता, तिचा हात त्या वेळी जराही कचरला नाही.

शिवानीनं पेन घेतलं. कागद गुडघ्यावर ठेवला. पेनाचं टोक निळ्या ठिपक्यापर्यंत नेलं, आणि मग तिनं पेन परत दिलं.

“नको, तुंगाक्का. आजवर ठाऊक नव्हतं तेव्हा लिहिलं असतं. आता ठाऊक असून त्यांना कसं फसवू?”

ती कुणाच्या हाताखाली वाढली, हे तुंगाबाईंना तेव्हा इतकं स्पष्ट दिसलं की त्यांना रडू आवरेना. रक्तानं आलं असतं तरी याहून जास्त काय आलं असतं? ते येसाजींना सांगावं म्हणून त्यांनी वळून पाहिलं. येसाजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

शिवानी आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, फिल्टर कॉफीचा वास आला. या घरात रोज या वेळेला, अण्णा, कॉफी झाली, अशी हाक येत असे. गल्लीच्या टोकापर्यंत ती ऐकू जायची. शिवानी तीन लोटे घेऊन बाहेर आली. एक तिनं तुंगाबाईंच्या हातात दिला.

दुसरा तिनं येसाजींच्या खुर्चीपाशी ठेवला. “कॉफी ठेवलीय,” म्हणाली, आणि तिसरा लोटा नि वह्या घेऊन आत गेली.

येसाजी हाकेची वाट बघत उभेच राहिले. लोटा खुर्चीपाशी निवत गेला.